आवाज सुलक्षणाचाच

आमची सुलक्षणा टीव्हीवर पहिल्यांदा दिसली ती मेलेली. तिच्या माहेरी, निमोण्यात, 'तिसरा बांध' या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. उसाच्या कडेला, पाटाच्या चारीत गार पाण्यात पडून राहायला शहरातली नटी तयार होईना. ही कॉलेजातली पोर पुढे झाली. पहिल्याच भागात तिचं प्रेत सापडलं आणि खून कुणी केला हे शोधता शोधता लोक वेडे झाले. खुनी सापडला, मालिका संपली, तरी पोरं अजून तिचीच चर्चा करतात. पोस्टरवर चेहरा सुलूचा. तळेगावच्या बाजारात गेली की हाक यायची, "ए मढं, मेथी घेती का?"

लग्न होऊन ती भांडगावला आमच्या घरात आली, तेव्हा तिची सासू, म्हणजे माझी थोरली जाऊ सरूबाई, म्हणाली, "येक डाव मेलीस त्येवढं बास. माझ्या घरात असलं अभद्र नगं."

अभद्र कसलं डोंबलाचं! पण सरूबाईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

मग यंदा त्याच मालिकेवर सिनेमा निघाला आणि सुलूला बोलावणं आलं. मालिकेच्या आधीची गोष्ट, ती मुलगी जिवंत असतानाची. सख्खा काका तिच्या वाईटावर टपलेला आणि घरात तिचं कुणी ऐकत नाही. काळीकुट्ट गोष्ट.

"आत्या, औंदा मी जित्ती हाय," सुलू सासूला म्हणाली. सरूबाईनं तोंड फिरवलं.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शकानं सांगून टाकलं, की आवाज मुंबईच्या मुलीचा लावणार. मी सुलूच्या सोबतीला गेले होते, तिथंच खुर्ची टाकून बसले होते.

"तुझं बोलणं फार गावठी आहे गं. लोकांना कळणार नाही."

"खून कुणी केला त्ये कळलं त्यांस्नी, आन् माझं बोलणं कळंना व्हय?"

"अगं, अशी पद्धतच असते."

"मग सर, तोंड बी तिचंच लावा."

ते कसं लावणार? तो चेहरा घराघरात पाठ. सुलूला हे पक्कं ठाऊक होतं; आमची सून भोळीबिळी नाही. ठरलं की फोन करा म्हणाली आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली.

फोन येईना. सरूबाई खूश, "पीडा टळली!" सुलू मात्र जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवायची. हे काम तिला मनापासून हवं होतं, पण मागे फिरायला ती तयार नव्हती. अखेर फोन आला. आवाज तिचाच राहणार.

सिनेमा लागल्यावर आम्ही तिघी दौंडला गेलो. सरूबाई कुरकुरतच आली. पडद्यावर ती मुलगी आईला विनवत होती, "आये, काका घरी असंल तवा मला येकटीला ठिवू नगंस." आई भाकरी थापत राहिली. मागून कुणीतरी त्या 'आये'ला खिदळलं.

सरूबाई ताडकन उभी राहिली. "कोण हसलं रं? माझी सून बोलतीया! तिच्या आयनं न्हाई ऐकलं, तुमी तरी ऐका!"

एरवी मी जावेचा पदर ओढून तिला खाली बसवलं असतं. त्या दिवशी नाही.