झारा वर उचलला की

गोड ज्वारीची काकवी करायला काकांसाठी मी घरीच गॅसचा बर्नर बनवला. लोखंडी पाइप गोल वाकवून घेतला, त्याला ड्रिलनं भोकं पाडली, सिलिंडर जोडला. परवा तो पहिल्यांदा पेटवला. कढईखाली निळ्या ज्योतींचं कडं उमललं. धूर नाही, राख नाही. "आता जाळात चिपाडं घालायला कुणी लागत नाही," मी तोऱ्यात म्हणालो. काका कढईत रस ओतू लागले.

चिपाडं काकू घालायची, चुलाणाच्या तोंडाशी बसून, पदरानं डोळे पुसत. काका वर कढईपाशी उभे असत. बायकोला चारचौघांत हाक मारायची त्यांच्या पिढीत पद्धत नव्हती. रस आटत आला की ते नुसता झारा वर उचलायचे आणि काकू जळती चिपाडं मागे ओढायची. या उन्हाळ्यात ती गेली.

परवाही रस आटत आला. काकांनी झारा वर उचलला आणि तसेच उभे राहिले. झाऱ्यावरून काकवीची तार ओघळत होती. ज्योती होत्या तशाच होत्या. करपल्याचा वास आला तेव्हा मी धावत जाऊन गॅस बंद केला.

शब्दावाचून चाललेलं दोन माणसांचं बोलणं एक जण गेल्यावर कुठे जात असेल? बहुधा असंच हवेत उचललेलं राहत असेल.

काका काळ्या पडलेल्या काकवीकडे बघत होते.

"बर्नर चांगला झालाय रे," ते म्हणाले. "फक्त त्याला सांगावं लागतं."