लागू न पडलेलं औषध

माझे यजमान धरणगावला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. मुलगी चार वर्षांची. नव्वदच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात तिला ताप आला, तो हटेना. गावातले डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. लहानपणी मलाही तो झाला होता. मी ज्या औषधाने बरी झाले, तेच त्यांनी तिला दिलं, म्हणून मी निर्धास्त होते. ती ते कडू औषध थुंकायची, मी पुन्हा पाजायचे.

दुसरा आठवडा लागला तरी अंग भाजतच होतं. पोट फुगलं, हाकेला ओ देईना. मग तिला जळगावला नेलं.

तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "या जंतूंवर हे औषध आता चालत नाही. नेहमीची बाकीचीही नाहीत." एक नवी गोळी निघाली होती, पण वाढत्या सांध्यांना अपाय होईल या भीतीने ती लहान मुलांना देत नसत. एक इंजेक्शन होतं, ते जळगावात कुठेच मिळेना. डॉक्टरांनी मुंबईहून मागवलं.

"तोवर काय करू?" मी विचारलं.

 ते म्हणाले, "पोटात पाणी जाऊ द्या."

शेजारच्या खाटेवर भडगावकडच्या एका बाईचा मुलगा होता. त्यालाही तोच ताप, त्याच्यासाठीही तेच इंजेक्शन मागवलेलं. ती रोज सकाळी विचारायची, "तुनी पोरना ताप उतरना का, अक्का?" मी नकारार्थी मान हलवायचे. मग दोघी आपापल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी बदलायचो.

एका दुपारी त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं. आतडं फुटलं म्हणाले. ऑपरेशनला नेलं, तिथून तो परत आला नाही. ती आपला पेला आणि चादर न्यायला आली, तेव्हा तिने माझ्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला. 

इंजेक्शनं त्यानंतर आली. हळूहळू मुलीचा ताप उतरला. केस गळाले, भिंत धरून ती पुन्हा चालायला शिकली. त्या मुलासाठी मागवलेल्या इंजेक्शनच्या बाटल्याही तिलाच लागल्या. नर्सने तसं सांगितलं, तेव्हा मी मुलीचा हात घट्ट धरून बसले होते.