तिसरा भाग अर्धाच

तहसील कचेरीसमोर माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशेजारी एका गृहस्थाचे झेरॉक्सचे दुकान आहे. वय चाळिशीचे, बोलणे सावकाश आणि विषय एकच: अंतराळयानाच्या एका व्हिडिओ गेमचे चार भाग. "पहिल्यात यान हाकायला अक्कल लागायची, भाऊसाहेब. दुसऱ्यात नकाशा दिला अन् भटकायची मजाच गेली," असे तो प्रती काढता काढता समजावतो.

केडगावच्या मित्राने "तुला काय कळतंय त्यातलं?" असे डिवचले, तेव्हा मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकण्यासाठी त्याने माझ्याकडून रीतसर निवेदन लिहवून घेतले. मी वजनदार मजकूर केला: 'सबब, मी खाली सही करणार, चारही भाग अखेरपर्यंत खेळून जाहीर करतो की, पहिला भागच सर्वश्रेष्ठ होय.'

मजकूर वाचून त्याने सहीसाठी उचललेले पेन खाली ठेवले. "तिसरा मी अर्धाच खेळलोय. 'चारही' खोडा, 'तीन' करा."

"अहो, मग केडगावकर हसेल तुम्हाला!"

"हसू द्या. सही माझी हाय."

मी खोडले. खाडाखोडीशेजारी त्याने नियमाप्रमाणे पुन्हा सही केली. माझ्या हयातीत स्वतःच्या फायद्याचा शब्द खोडायला लावणारा हा पहिलाच पक्षकार.

पुढच्या माणसाने सहीसाठी पेन उचलले, तेव्हा मी म्हणालो, "थांबा. आधी वाचून दाखवतो."