नवऱ्याच्या पासपोर्टातली बाई

बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात मी एकतीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला बसले. समोरच्या माणसाचं नाव रेशनकार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं निघालं, की मी कागद परत सरकवायचे. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा." यात बायकाच जास्त असायच्या. त्यांचे चेहरे उतरायचे आणि मला वाटायचं, एवढंसं काम, त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?

निवृत्ती जवळ आली तेव्हा माझे स्वतःचे कागद तपासणीला निघाले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. ते सासूबाईंनी निवडलेलं. नाव वाईट नव्हतं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीनं कागद माझ्याकडे परत सरकवले. "मॅडम, कुठलं तरी एक ठरवा ना." करावे तसे भरावे, दुसरं काय!

सगळे धरून चालले होते की मी सासरचंच नाव कायम करणार. मीही तेच धरून चालले होते. पण अर्ज लिहायच्या आधी सहज एका पाठकोऱ्या कागदावर जुनी सही करून पाहिली, आणि तेहेतीस वर्षांनी हात कुठेही अडखळला नाही. मग माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव असं सगळंच परत घेतलं. राजपत्रात छापून आलं. नवा पासपोर्टही त्याच नावानं काढला.

नवरा रबाळ्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. लेबल एक आणि आत माल दुसरा असं त्याला खपत नाही. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझी मर्जी." आमच्या घरात या दोन शब्दांचा अर्थ 'नाही' असा होतो. तिसऱ्या दिवशी मी आमटी वाढताना त्याच्या मनातलं बाहेर आलं.

"म्हणजे माझं नाव काढून टाकलंस."

"तुमचं काढलं नाही, माझं परत घेतलं."

त्याला दोन्ही एकच वाटलं. त्यानंतर नव्या नावानं पत्र आलं की शेजारच्यांचं आल्यासारखं तो ते दोन बोटांत धरून आणून द्यायचा. मीही काही कमी नाही. विचारेल तेव्हा सांगू म्हणून गप्प बसले. मला माझं नाव हवं होतं आणि नवराही हवा होता, पण हे दुसरं सांगायला तोंड उघडत नव्हतं. असे आठ महिने गेले.

व्हिएतनामची सहल आधीच ठरलेली होती. टूरवाल्यांनी व्हॉट्सॲपवर पासपोर्टाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. एरवी दोघांचे फोटो मीच पाठवले असते. या वेळी तो म्हणाला, "माझं मी बघतो," आणि बाल्कनीत उन्हात पासपोर्ट धरून त्यानं आपला फोटो आपल्या फोनवरून पाठवला. विमानात आमच्या जागा अकरा रांगा लांब आल्या. मला वाटलं, नशीब. त्याला वाटलं, मी मुद्दाम लांबची जागा मागून घेतली.

हनोईच्या हॉटेलात टूर मॅनेजर मुलगी यादी घेऊन खोल्या सांगायला लागली. "काकू, तुमी नाशिकच्या मॅडमसोबत, तीनशे सात. काका, तुमी सांगलीच्या काकांसोबत, चारशे दोन." सांगलीच्या गृहस्थांनी विमानतळावरच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्यांच्या घोरण्यामुळे त्यांची बायको हॉलमध्ये झोपते.

"ओ मॅडम," घरून निघाल्यापासून माझ्याशी चार शब्द न बोललेला माझा नवरा ओरडला, "ती माझी बायको आहे!"

सगळा ग्रुप वळून बघायला लागला. मुलीनं यादीवर बोट फिरवलं. "पण काका, लिस्टमध्ये तुमी दोघं सिंगल आहात. सरनेम पण वेगळं, फोन नंबर पण वेगळा. डबल रूम करायची तर मला ऑफिसला काहीतरी प्रूफ पाठवावं लागेल."

प्रूफ म्हटल्यावर नवऱ्याची छाती फुगली. त्यानं आपल्या पासपोर्टाचं शेवटचं पान उघडलं. तिथे आई-वडिलांच्या खाली जोडीदाराचं नाव असतं. "वाचा." तिनं मोठ्यानं वाचलं. मग माझा पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं.

"काका, ह्या बाई कुठायत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाप रे, दोन-दोन!" नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिका माझ्या नवऱ्यापासून अर्धं पाऊल दूर झाल्या आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"ती मीच," मी म्हणाले. "म्हणजे, होते."

"टेन्शन नका घेऊ काकू, पण दोन्ही तुमीच आहात असं काही..."

पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं. मला एकदम हसू फुटलं, ते आवरेना. इतक्या बायकांना मी टेबलापलीकडून हेच ऐकवलं होतं, आणि ते ऐकून घ्यायला मला थेट हनोईला यावं लागलं होतं.

"माझंही शेवटचं पान बघ," मी डोळे पुसत तिला म्हणाले.

तिनं पान उलटलं आणि वाचलं. वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि खाली माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्या वडिलांसकट, आडनावासकट.

"काय?" म्हणत नवऱ्यानं पासपोर्ट तिच्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर चढवला, पान दिव्याकडे धरलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "हे कधी लिहिलंस?"

"फॉर्म भरला तेव्हाच. तुम्ही समोर पेपर वाचत बसला होतात."

"सांगायचंस की."

"विचारायचंत की."

पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. आठ महिने या माणसाला वाटत होतं की मी त्याला आयुष्यातून खोडून टाकलंय, आणि केवळ आपला हेका राहावा म्हणून मी त्याला तसं वाटू दिलं होतं. "चुकलं माझं," मी सगळ्यांसमोरच म्हणाले. घरापासून मला एकटीला ओढायला लावलेली माझी बॅग त्यानं उचलली आणि लिफ्टकडे निघाला. आम्हाला खोली मिळाली. चारशे दोनमध्ये एकटेच राहिलेले सांगलीकर सर्वांत खूश होते. बाकीची सहल झकास झाली. होडीत बसलो, नूडल्स खाताना दोघांनीही कपडे खराब करून घेतले, आणि नवरा दिसेल त्याला "ही माझी बायको" म्हणून सांगत सुटला. ग्रुपमध्ये ते आता कुणाला माहीत नव्हतं असं नव्हतं.

परत आल्यावर महिन्याभरानं त्यानं जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. "जरा तपासून दे."

पासपोर्ट बदलून मिळण्याचा अर्ज होता, त्याचा स्वतःचा. जोडीदाराच्या रकान्यात मोठ्या, सुट्या अक्षरांत माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि माझं माहेरचं आडनाव.

"अहो, तुमच्या पासपोर्टाला अजून सहा वर्षं आहेत. आत्ताच कशाला?"

"त्यात जी बाई आहे ती या घरात राहत नाही," तो म्हणाला. "जी राहते तिचं नाव नको?"

मला रडूच आलं. तो घाबरला. "काय गं, काही चुकलंय का त्यात?"

एकही चूक नव्हती. तरी मी तो फॉर्म पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.