आत्याचा हात

आत्याला गल्लीत सगळे ‘वैद्यबाई’ म्हणायचे. नाडी बघायची, पण गाड्यांची. पान्याला हात घालायच्या आधी ती इंजिनावर तळहात टेकवायची, डोळे मिटायची आणि दुखणं सांगून मोकळी व्हायची. तिचे धाकटे भाऊ म्हणजे माझे बाबा त्याच गॅरेजात पत्रे ठोकायचे.

“ताई, तपासणीचं एखादं यंत्र घेऊया.”

“घेऊया की. तुझ्या जागी ठेवू.”

त्या हिवाळ्यात गॅरेजच्या नळाला सकाळी बर्फ धरायचा. एका दुपारी नर्सबाई गाडी घेऊन आल्या. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेले रुग्ण असायचे, त्यांच्याकडे त्या रोज जायच्या.

“हीटर लावला की गार वारा सुटतो. पाय गारठतात ते सोडा, समोरच्या काचेवर वाफ धरते. आंधळ्यासारखी चालवते मी.”

आत्याने आधी कूलंट बघितलं. पातळी बरोबर होती. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून ती बॉनेटखाली वाकली. तिथून दोन रबरी नळ्या हीटरकडे जातात. इंजिनाचं गरम पाणी एकीतून आत जातं, दुसरीतून परत येतं. मला तिने हे पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं: दोन्ही गरम, तर आतली झडप बिघडली, एक गरम एक गार, तर हीटरची जाळी तुंबली, दोन्ही गार, तर गरम पाणी तिथवर पोचतच नाही.

तिने एक नळी मुठीत धरली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. एरवी दोन क्षणांचं काम, आज तिने बराच वेळ घेतला.

“दोन्ही गार. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, पाणी तापूच देत नाही.”

बाबांनी गाडीत डोकावलं. “अगं ताई, काटा मध्यावर आहे. इंजिन तापलंय म्हणतोय.”

“काटा खोटं बोलेल. माझा हात नाही बोलायचा.”

नवा थर्मोस्टॅट बसला. नर्सबाईंना घाई होती. वाटेत गाडी तापली की येईल गरम हवा, असं म्हणून आत्याने त्यांना लावून दिलं.

संध्याकाळी ती हात धूत होती आणि मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. तिच्या उजव्या तळव्यावर आडवा, नळीच्या जाडीचा, टच्च फुगलेला फोड होता.

“आत्या! हे कधी झालं?”

दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा तिने तो बघितला.

“दुखत नाही का गं?”

तिने आधी मोरीचं दार लोटलं. “तुझ्या बाबाला बोललीस तर बघ. दोन महिने झाले, बोटं झोपल्यासारखी वाटतात. नट हातातून सुटतात. म्हटलं, थंडीने होत असेल.” ती बोलता बोलता थांबली. “म्हणजे नळी गरम होती. अगं, नळी गरम होती! आणि त्या बाई घाटात...”

तिने फोन लावला. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना तिला आकडे दाबता येईनात, मी दाबून दिले. पलीकडे नुसतीच घंटी वाजत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. रस्त्याने गाडी गेली की उठून खिडकीशी जायची.

सकाळी नर्सबाई आल्या. गाडीचा डावा आरसा लोंबत होता.

“वळणावर काच पार आंधळी झाली. बाहीने पुसते, तर समोर म्हातारा, काठी टेकत चाललेला! दरडीला घातली गाडी. माणूस वाचला.”

“नवा पार्टसुद्धा कधी कधी खराब निघतो,” बाबा घाईने म्हणाले.

आत्याने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तरी पुरे होतं. मी तिच्याकडे बघत होते. मग तिने मूठ उघडून पुढे केली.

“पार्ट चांगला होता, बाई. मी चुकले. नळी गरम होती, हाताला कळलंच नाही.”

नर्सबाईंनी फोड बघितला आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पर्समधून सेफ्टीपिन काढून त्यांनी टोक पुसलं.

“डोळे मिटा. टोचलं की सांगा.”

आत्याने डोळे मिटले. बाबांच्या हातातला हातोडा तसाच राहिला.

“करा ना सुरू,” आत्या म्हणाली.

“चार वेळा टोचलंय मी.”

बाबा मटकन स्टुलावर बसले. आत्याने डोळे उघडले नाहीत. “आता दुसऱ्या हाताचं बघू,” नर्सबाई म्हणाल्या, तशी तिने तो पाठीमागे लपवला. लहान मूल लपवतं तसा.

“आधी गाडी. आता ही तशी जाणार नाही.” मग बाबांकडे वळून, “ऊठ. इंजिन तापलंय. तू धर नळ्या.”

“मी?”

“मग काय मी धरू? सांभाळून, नुसतं टेकव बोट.”

“आई गं! ही भाजतेय. आणि ही... ही गार आहे ताई.”

“तुंबलीय जाळी. एवढं सोपं होतं रे. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.”

इंजिन गार झाल्यावर नळ्या सोडल्या. ती सांगत होती, बाबा करत होते. उलट बाजूने पाण्याचा पाइप लावला, तसा तांबूस चिखल भसाभसा बाहेर आला. पाणी नितळ झाल्यावर नळ्या जोडल्या, कूलंट भरलं, आतली अडकलेली हवा काढली.

या वेळी गाडी तापेपर्यंत तिने कुणाला हलू दिलं नाही. हीटर लावला. सवयीने हात गाडीतल्या हवेच्या झरोक्यापुढे नेला आणि मागे घेतला. मग वाकून गाल तिथे नेला.

“गरम आहे,” ती म्हणाली. तरी बाबांना हात लावायला लावला. मग मला. मग नर्सबाईंना.

“आता बसा गाडीत,” नर्सबाई आत्याला म्हणाल्या. “हॉस्पिटल माझ्या वाटेवरच आहे.”

“उद्या जाईन.”

“उद्या नाही. आत्ता.”

आत्या बसली. पट्टा खाचेत जाईना. बाबांनी हात पुढे केला, तो तिने झटकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग तिने पट्टा सोडून दिला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. जन्मात कुणाला सोबत न मागणारी आत्या.

“तू चल गं माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “आणि आधी हा पट्टा लाव.”