पुडीतला निळ्या

शेषरावांचं गिरजाबाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्या तिखटाची पुडी परत घेऊन आल्या तेव्हा. तिखट चांगलं होतं, वजनही बरोबर होतं. तक्रार कागदाची होती.

"हा कागद माह्याकडे हाय, भाऊ. दुसऱ्यात बांधून द्या."

शेषराव तुमसरहून आलेले. खुर्सीपारात चार लाकडी बल्ल्या आणि वर टिनाचे पत्रे, एवढंच त्यांचं किराणा दुकान. समोर सरकारी नळ आणि पलीकडे नव्या पोलाद कारखान्याच्या भट्टीचं काम. पहिल्या दोन भट्ट्या पेटल्या होत्या, तिसरी उभी राहत होती. पुड्यांसाठी रद्दी ते सेक्टरमधल्या साहेबांच्या बंगल्यांतून आणत. त्यात एक हिंदी साप्ताहिक असे आणि त्याच्या शेवटच्या पानावर रंगीत चित्रकथा. निळे घट्ट कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर लाल कापड, असा एक माणूस त्यात उडत असे. दोन बंगल्यांत तेच साप्ताहिक येई, म्हणून एखादं पान दोनदा निघे.

गिरजाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुडी सोडली की कागद झटकायचा, उशीखाली दाबून सरळ करायचा आणि सुईदोऱ्यानं आधीच्या पानांना शिवून टाकायचा, हा त्यांचा नेम. रद्दी कशीही यायची, आज नवं पान तर उद्या जुनं. कुठलं पान आधी आणि कुठलं मागून, ते गिरजाबाईच ठरवत. नळाला पाणी येईपर्यंत बाया त्यांच्याभोवती बसत. त्या माणसाचं नाव काय छापलंय याची कुणालाच गरज पडली नाही. तो निळ्या होता.

"चड्डी वरून कावून घातली यानं?" मैनाबाई विचारायची. तिचा सगळ्या गोष्टींवर संशय.

"पहिल्या पाळीचा भोंगा झाला असन. घाईत होते असं."

"अन् ही केस कापलेली कोण?"

"बायको त्याची. टायफाइड झाला असन बिचारीले."

शेषरावांना गल्ल्यावरून सगळं ऐकू येई. ते सातवीपर्यंत शिकलेले, चित्राखालचं हिंदी वाचता येत होतं. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, ती बायको नाही त्याची. ती पेपरात बातम्या देते. लिवलं हाय खाली."

"तुमी नका वाचू, भाऊ. लिवणाऱ्याले काय मालूम? चित्र पाहा. कशी रडून राहिली. बातमीसाठी इतकं कोणी रडते का?"

बाया हसल्या. शेषराव डाळ तोलू लागले. पण त्या दिवसापासून रंगीत पान निघालं की ते बाजूला ठेवत आणि गिरजाबाईंचा सौदा त्यातच बांधत. बांधण्याआधी स्वतः दोनदा वाचत, ही गोष्ट वेगळी.

थंडीचे दिवस होते. गिरजाबाईंनी गुळाची पुडी दुकानातच सोडली आणि त्या उभ्याच राहिल्या. चित्रात उंच चिमणी होती. चिमणीच्या आकड्यात लाल कापड अडकलेलं आणि खाली निळ्या, डोकं खाली, पाय वर. गूळ गल्ल्यावर ठेवून त्या नुसता कागद घेऊन गेल्या.

त्यांचा नवरा धोंडबा भट्टीवर रिगर होता. उंचावर चढून लोखंडाला साखळ्या बांधायच्या, हे त्याचं काम. थंडीत गळ्याला दुपट्टा गुंडाळून जायचा. दुपट्टाही लालच.

तिसऱ्या दिवशी धोंडबाच दुकानात आला.

"शेषरावभाऊ, तुमच्या पुडीनं माहं काम जाते आता. दोन दिवस झाले, घरातून निघू देऊन नाही राहिली. दारात बसते. म्हणते, निळ्या वाचला का मेला ते समजू द्या, मंग जा."

"दुपट्टा घरी ठेवून जा ना."

"तेच म्हटलं. तं म्हणते, दुपट्टा ठेवला तरी उंची तेवढीच हाय. अन् फोरमन म्हणते, उद्या नाही आला तं दुसरा माणूस लावतो."

शेषरावांनी सारी रद्दी उलथीपालथी केली. पुढचं पान नव्हतं. गेलं असेल कुणाच्या घरी हळदीसोबत, नाही तर अजून यायचं असेल. त्यांनी दुकान बायकोवर सोपवलं आणि ते धोंडबासोबत निघाले.

गिरजाबाई दारातच होत्या.

"पुढचं पान नाही, वहिनी."

"मंग हे बी जात नाही."

शेषराव उकिडवे बसले. "एक विचारू? हेच पान शेवटचं हाय, असं कोण म्हणते? आजवर पानं तुमीच लावली ना?"

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन शिवलेल्या पानांचं पुस्तक आणलं. दोरा ओढून काढला, पानं अंगणात पसरली, एकेकावर खडा ठेवला. एका पानावर निळ्या टेबलाशी बसून जेवत होता. चिमणीचं पान त्यांनी त्याच्या आधी ठेवलं आणि त्या वाकल्या.

"भाऊ, याच्या पाठीवर कापड नाही."

"नाही."

"बाकी सगळ्या चित्रात हाय. याच्यातच नाही." त्या सावकाश बोलत होत्या. "मंजे कापड तिथंच राहिलं आकड्याले, अन् हा सुटून आला. भूक लागली असन."

ते पान शेषरावांनी वाचलेलं होतं. जेवणारा निळ्या नव्हताच. निळ्याचे कपडे घालून दरोडे घालणारा तो एक चोर होता, तसं त्याच्या डोक्यावर स्वच्छ छापलेलं होतं. शब्द शेषरावांच्या ओठांपर्यंत आले. गिरजाबाईंच्या मागे धोंडबा हात जोडून उभा होता.

"बरोबर हाय," शेषराव म्हणाले. "एवढ्या वरून आल्यावर भूक तं लागतेच."

दुसऱ्या दिवशी धोंडबा कामावर गेला. दुपट्टा गिरजाबाईंनी स्वतः त्याच्या कमरेला, सदऱ्याच्या आत गच्च बांधून दिला. कमरेला शेला बांधल्यासारखा फुगवटा पाहून गँगमधले लोक आठवडाभर त्याला नवरदेव म्हणत होते.

पुढचं पान महिन्याभरानं रद्दीत सापडलं. केस कापलेल्या त्या बाईनं दोर टाकून निळ्याला वर ओढून घेतलं होतं, लाल कापडासकट. आपलं खोटं आता पकडलं जाणार, असं धरूनच शेषरावांनी ते पान गिरजाबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"हा दुसऱ्यांदा पडला," त्या म्हणाल्या. "अन् पाहा, कोणं वाचवलं ते. तुमी म्हणत होते, बातमीवाली."

धोंडबा पुढे गँगचा मेट, म्हणजे मुकादम झाला आणि मेट म्हणूनच निवृत्त झाला. गिरजाबाई आता वैशाली नगरात मुलाकडे असतात. संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिका सुरू झाल्या की त्या समोर बसतात आणि आवाज बंद करून पाहतात.