मोरांना फोडणी

आमच्या मोठ्या वैनी अपमान गिळत नसत आणि उलटूनही बोलत नसत. त्या तो ठेवून देत. भाजीवालीने माप मारलं किंवा दूधवाल्याने पाणी घातलं, तर वैनींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. पण घरातल्या माणसाने जिव्हारी लागेल असं काही म्हटलं, की त्या एकदम शांत होत, हातातलं काम पुरं करत आणि आत येऊन मला सांगत, "ठेवून दिलं, सुमन." म्हणजे ते आता कुठे जात नाही. वेळ आली की निघेल.

मी त्यांची धाकटी जाऊ. लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा वैनी त्या घरात दहाबारा वर्षं मुरलेल्या होत्या. माहेर उमरखेडचं, बोलणं ठसठशीत वऱ्हाडी. सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, ते बोलणं खपत नसे. मामंजी नामांकित वकील. घरातही कोर्टातल्यासारखं बोलत. ते वैनींना मधूनच थांबवत, "मले नव्हे, मला." वैनी मान डोलावत आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "मले" म्हणत. मला पहिल्याच आठवड्यात या बाई आवडल्या.

आमचा दिवाणखाना प्रशस्त होता आणि स्वयंपाकघर म्हणजे काळोख. दिवाणखान्यात मामंजींच्या खुर्चीमागच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत जपानी फरश्या होत्या, त्यांच्या वडिलांनी मुंबईहून मागवलेल्या. प्रत्येक फरशीवर निळाहिरवा मोर, हात फिरवला तर पिसं बोटाला लागत. पण हात फिरवायची परवानगी नव्हती. नोकर दर शनिवारी त्या मऊ फडक्याने पुसे आणि नवीन पक्षकार आला की मामंजी खुर्ची थोडी बाजूला सरकवत, म्हणजे मोर नीट दिसावेत. आत आम्ही दोघी पऱ्हाटी जाळून स्वयंपाक करत होतो. कपाशीची ती वाळकी झाडं ओली असली की असा धूर करत, की मला वैनींचा फक्त आवाज ऐकू येई. त्यांचे डोळे बारा महिने लाल. डावा जास्त.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षातली गोष्ट. मामंजींचे वकील मित्र जेवायला होते. वैनी तूप वाढत होत्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. माझ्या यजमानांना राहवलं नाही. ते म्हणाले, "तात्या, वैनीचा डोळा नागपूरला दाखवायला हवा. दिवसेंदिवस वाढतंय."

मामंजींनी भातात खड्डा केला, तूप घ्यायला. मग मित्रांकडे पाहून म्हणाले, "बायकांच्या डोळ्यांना पाणी यायला काय लागतं हो? आज डोळा दाखवा म्हणतील, उद्या माहेरी पाठवा म्हणतील."

सगळी पंगत हसली. माझे भासरे, म्हणजे वैनींचे यजमान, तेही हसले. वडील हसले की ते हसत. वैनींनी मामंजींच्या भातावर तूप वाढलं, पुढच्या ताटावर वाढलं, पंगत संपवली. आत येऊन त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"ठेवून दिलं."

पुढच्या उन्हाळ्यात त्या डोळ्यावर पांढुरकं आलं. शेवटी यांनी कोणाला न विचारता वैनींना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. उजवा वाचवू, डावा गेला. परत आल्यावर भासरे म्हणाले, "देवाची मर्जी." वैनी म्हणाल्या, "देवाले कायले मधात घेता?" आणि पोळ्या लाटायला बसल्या. पोळपाट नेहमीच्या जागी नव्हता, तर तो हाताने चाचपून शोधावा लागला. मी उठून दुसरीकडे गेले.

मग एका श्रावणात स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. कोणाला लागलं नाही, पण छपरासकट सगळंच नवीन बांधणं आलं. हे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. नागपूरला एका जजसाहेबांच्या बंगल्यावर त्यांनी नव्या तऱ्हेचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. उभ्याने करायचा ओटा, वातीचे स्टोव्ह, मोठ्या खिडक्या आणि भिंतींना पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स. जजसाहेबांचं नाव ऐकून मामंजी लगेच तयार झाले. सुनांच्या डोळ्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या नावाने झालं.

टाइल्सचे नमुने घरी आले आणि घरात मतं सुरू झाली. यांना सगळीकडे पांढरं हवं होतं. मी म्हटलं, स्टोव्हच्या मागे तरी आकाशी लावा, तेल उडेल. भासरे म्हणाले, तात्यांना विचारा. नमुन्यांत एक फिकी गुलाबी होती आणि एक द्राक्षांचा घड काढलेली. वैनींनी सगळ्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर हळद कालवलेलं तेल शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पुसून पाहिलं. द्राक्षांची त्यांनी लगेच परत केली. "घाण बी दिसत नाही अन् द्राक्षं बी दिसत नाहीत," म्हणाल्या. पांढरी हातात धरून खिडकीशी नेली. "हे बाकीच्या भिंतींना लावा. हिच्यावर सगळं दिसते. मले एकच डोळा हाय, मले सगळं दिसलं पाहिजे."

"आणि स्टोव्हच्या मागे?" यांनी विचारलं.

"तिथलं मी ठरवून राह्यली."

बांधकाम लोहाऱ्याच्या गुलाब गवंड्याकडे होतं. हा गुलाब मोठा बढाईखोर, यवतमाळातली निम्मी घरं आपणच उभी केली असं सांगे. मामंजी कोर्टात गेलेले असताना वैनी त्याला दिवाणखान्यात घेऊन गेल्या. त्याने फरश्या टकटक वाजवल्या. भिंतीला आतून लोणा लागला होता, चुना सुटत चालला होता. "वैनीसाहेब, अल्लाद काढून देतो," गुलाब म्हणाला. "एक बी फुटली तर मिशी उतरवीन." मी दारात उभी होते. मी रस्त्याकडे लक्ष ठेवून होते आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

त्या रविवारी मामंजींची मित्रमंडळी जमली होती. तीच, मार्गशीर्षातल्या पंगतीची. कोणीतरी नव्या स्वयंपाकघराची चौकशी केली. मामंजींना मित्रांसमोर मोठेपणा आवडे. ते म्हणाले, "सगळं सूनबाईच्या पसंतीनं चाललंय. मी तर सांगून टाकलंय, तुला हवी ती टाइल घे, मागेपुढे पाहू नकोस."

असं त्यांनी कधीही सांगितलं नव्हतं. वैनी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एरवी तो नोकराच्या हाती आत जाई. त्या दिवशी वैनी स्वतः आत गेल्या, चहा ठेवला आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

"मामंजी, हवी ती घेऊ म्हणता ना?"

"हो, हो. हवी ती."

"मग ह्या घेते." त्यांनी मामंजींच्या डोक्यामागे बोट केलं.

मामंजी वळले. आपल्या मागे काय आहे हे जणू त्यांना आठवावं लागलं. "अगं, ह्या दिवाणखान्याच्या आहेत."

"भिंतीच्या हायेत, मामंजी. तिकडं बी भिंतच हाय."

"त्या निघायच्या नाहीत आता. फुटतील."

"गुलाब गवंड्यानं पाह्यल्या. लोणा लागला. आज नाही काढल्या तर आपोआप पडतील, अन् मग फुटतील."

एक म्हातारे वकील मोठ्याने हसले. "वकीलसाहेब, आम्ही साक्षीला आहोत हं! शब्द दिलात." मग बाकीचेही हसले. मामंजी हसले, पण जरा उशिरा. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. वैनींनी साखर किती ते प्रत्येकाला विचारून चहा दिला.

गुलाबने फरश्या काढल्या. दोन फुटल्या, मिशी शाबूत राहिली. खुर्चीमागे उरली लोणा खाल्लेली, चुन्याचे पोपडे सुटलेली भिंत. मामंजींनी तिच्यावर दोनदा गिलावा करून घेतला. दर पावसाळ्यात ओल पुन्हा फुटे. त्यांनी तिथे भलंमोठं कॅलेंडर लावलं, तर पक्षकार बोलता बोलता कॅलेंडरच्या कडेने बाहेर आलेल्या डागाकडे पाहत. आता खुर्ची कुठेही सरकवली तरी उपयोग नव्हता.

आणि आत, त्या शुभ्र स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या बरोबर मागे मोर लागले. पहिल्या दिवशी वैनींनी तेल चांगलं धूर येईपर्यंत तापवलं आणि मूठभर मोहरी टाकली. तडतड तडतड करत तेल थेट मोरांवर उडालं. मामंजी समोर जेवायला बसलेले होते. जेवणं आता तिथेच होत, कारण जजसाहेबांकडे तशी पद्धत होती.

"अगं, जरा जपून," मामंजी म्हणाले. "मोरांवर उडतंय."

"उडतेच ते, मामंजी. पहिले माझ्या डोळ्यात उडे. आता भिंतीवर उडते."

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. वैनी पांढऱ्या टाइल्स सोडा आणि लिंबू लावून घासत, इतक्या की आपलं तोंड दिसावं. मोरांना मात्र फडकं लागत नसे. वरणाची फोडणी, पाटवड्यांचा रस्सा, वांग्याची भाजी, सगळ्याचा शिंतोडा त्यांच्यावर बसे. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं तपकिरी. नवं स्वयंपाकघर पाहायला शेजारणी येत, पांढऱ्या भिंतींना वाखाणत आणि मधल्या त्या मेणचट पट्ट्याकडे बघून थबकत. वैनी गंभीरपणे सांगत, "मामंजींची आवड." एकदा मी कोमट पाण्याचं फडकं घेऊन पुढे झाले, तर त्यांनी माझ्या हातून ते काढून घेतलं. "हे माझं हाय, सुमन. तू पांढरं पूस."

काही वर्षांनी मामंजींना मोतीबिंदू झाला. दुसऱ्याच दिवशी नागपूरची तयारी झाली. त्यांच्यासाठी वैनींनी मऊ पोळ्या केल्या, भाजी तिखट नको म्हणून वेगळी केली, दोन पांघरुणं बांधून दिली. त्यात त्यांनी तसूभर कसर ठेवली नाही. ऑपरेशन उत्तम झालं. मामंजी जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले आणि जेवायला बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना समोरचं स्वच्छ दिसलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सूनबाई, ह्या एकदा पुसून घे."

"नाही, मामंजी."

एवढं सरळ "नाही" मी त्या घरात कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भासरे ताटावरून अर्धवट उठले. मामंजींनी त्यांना हाताने खाली बसवलं. "मी तुझं काय केलंय, ते तरी सांग."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. वैनींनी गॅसबत्तीसारखा लख्ख आठवणारा तो दिवस सांगितला. कोण कोण पंगतीत होतं, कोण कुठे बसलं होतं, त्यांनी भातात खड्डा कसा केला आणि त्यांचं ते वाक्य, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. ते वाक्य त्यांनी मामंजींच्या शुद्ध भाषेत म्हणून दाखवलं. आवाज चढवला नाही.

"असं म्हणालो मी?"

"म्हणाले. सगळे हसले बी."

मामंजींनी भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी ताटात पाहिलं. मामंजी म्हणाले, "डॉक्टरला आधी दाखवायला हवं होतं."

"हो," वैनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

मामंजी त्यानंतर दोन वर्षं जगले. रोज त्या मोरांसमोर बसून जेवले, त्यांच्याबद्दल पुन्हा एकदाही बोलले नाहीत. दिवाणखान्यात ताट पाठवू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाले. "मले नव्हे, मला" हेही त्यांनी सोडून दिलं. एका दुपारी मी वैनींना विचारलं, "झालं का आता समाधान?"

"समाधान कायचं? डोळा वापस आला का?" त्या तांदूळ निवडत होत्या, उजवीकडे मान कलती करून. "पण पहिले ते सुखानं जेवत अन् मी धूर खाई. आता त्यांच्या घशाखाली बी घास जड जाते. एवढं पुरे हाय मले."

मामंजी गेल्यावर त्यांचं सगळं वैनींनी रीतीने केलं. तेराव्यानंतर भासरे म्हणाले, आता तरी त्या फरश्या साफ करू. वैनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. तेही पंगतीत हसले होते, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं.

त्याच वर्षी यांची बदली महागावला झाली. निघायच्या दिवशी वैनी एस. टी. स्टँडवर आल्या. शेजारच्या दोघीतिघीही होत्या. बस लागायला वेळ होता. वैनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू तिकडं चार बायांत माझ्या गोष्टी सांगशीन."

"सांगीन की."

"खुनशी होती म्हण. सासऱ्याले छळलं म्हण. मले चालते." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गरीब बिचारी होती, असं म्हणशीन तर याद राख."

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं.

बस सुटायची वेळ झाली. शेजारणी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. वैनी मागच्या शिडीपाशी कंडक्टरशी भांडत होत्या, कारण त्याने टपावर माझ्या लोणच्याच्या बरण्यांवर कोणाची तरी लोखंडी पेटी ठेवली होती. बस हलली तरी त्यांचा आवाज येतच होता. शेवटी कंडक्टरने बस थांबवली, वर चढला आणि पेटी उतरवली. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे बघून हात केला.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. बरण्या महागावला धड पोचल्या होत्या.